डाळिंब, आजी आणि अरारात: तरुण आर्मेनियन कवी कसे वाचावेत

कोल्हापूरला मराठी शिकवणारे एक तरुण प्राध्यापक एका छोट्या नियतकालिकासाठी तरुण आर्मेनियन कवींचा विभाग तयार करत आहेत. त्यांनी मला लिहिलं: "ताई, साठेक कविता वाचल्या, बहुतेक इंग्रजीतून. जवळपास प्रत्येकीत आजी आहे, डाळिंब आहे, अरारात पर्वत आहे, १९१५ आहे, आणि शेवटी ‘मला बघा’ अशी हाक आहे. ही मुलं एकच कविता पुन्हा पुन्हा लिहितायत, की माझं वाचन कमी पडतंय? यातून निवड कशी करू? आणि त्यांच्या त्या ‘सीन’ (seen) होण्याला, म्हणजे दुसऱ्यांनी आपल्याला बघण्याला, मराठीत काय म्हणू?"

सर, तुमचं निरीक्षण बरोबर आहे आणि वाचन थोडं कमी पडतंय हेही खरं आहे. राग मानू नका, पहिली चार-पाच वर्षं माझंही तेच झालं होतं. लॉस एंजेलिसला लागून असलेल्या ग्लेन्डेलमध्ये मी चोवीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवते आहे आणि शनिवारी मुलांची कवितेची कार्यशाळा घेते. दोन लाखांच्या आसपास वस्तीचं हे गाव, त्यातला मोठा हिस्सा आर्मेनियन. कुणी बैरुतहून आलेले, कुणी तेहरानहून, कुणी आर्मेनियाची राजधानी येरेवानहून. माझ्या वर्गात दर वर्षी निम्म्याहून जास्त आडनावं ‘यान’वर संपतात. लिपी मी इथेच शिकले, शेजारच्या निवृत्त शिक्षिकाबाईंकडे, त्यांच्या ओट्यावर बसून. अजूनही अडखळत वाचते. पण कविता अडखळतच वाचलेली बरी असते.

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण बाकीची उत्तरं त्यातच आहेत.

मराठीत ‘ओळख’ हा एकच शब्द दोन कामं करतो. माझी ओळख म्हणजे मी कोण ते. आणि ओळख म्हणजे तुम्ही मला ओळखणं: ओळख पटली, ओळख दिली, रस्त्यात भेटला पण ओळख दाखवली नाही. आर्मेनियनमध्ये हे दोन शब्द वेगळे आहेत. स्वतःची ओळख म्हणजे ‘इन्क्नुत्युन’, ज्यात ‘इन्क्न’ म्हणजे स्वतः. दुसऱ्यानं ओळखणं म्हणजे ‘चानाचुम’. आणि हा दुसरा शब्द गेली कित्येक दशकं एकाच अर्थानं रोजच्या बोलण्यात घट्ट झाला आहे. ऑटोमन तुर्की साम्राज्यात झालेल्या आर्मेनियनांच्या १९१५ च्या वंशसंहाराला जगानं मान्यता देणं म्हणजे चानाचुम. एप्रिलच्या २४ तारखेच्या मोर्च्यातल्या फलकांवर तो असतो, बातम्यांत असतो, घरातल्या जेवणाच्या टेबलावर असतो. सोळा वर्षांची मुलगी जेव्हा ‘मला कुणी बघत नाही’ असं लिहिते, तेव्हा इंग्रजीतून ती वयात येणाऱ्या कुठल्याही मुलीची तक्रार वाटते. तिच्या घरच्या भाषेत त्या क्रियापदाला शंभर वर्षांचं वजन आहे. तिला स्वतःला ते वजन हवं आहे की नको, हा खरा प्रश्न आहे, आणि चांगल्या कविता तिथेच जन्मतात.

म्हणून तुमच्या विभागासाठी ‘ओळख’ हाच शब्द घ्या. भाषांतर करताना कुठे अडलात तर हा एक शब्द तुम्हाला दोन्ही बाजूंनी साथ देईल. इंग्रजीला ती सोय नाही.

आता ‘मला बघा’ ही हाक नवी नाही, हेही सांगायला हवं. आधुनिक आर्मेनियन कवितेच्या उंबरठ्यावरच एक विशीतला मुलगा उभा आहे. बेद्रोस दुरियान, इस्तंबूलच्या उस्कुदार भागातला, जन्म १८५१, क्षयानं गेला १८७२ मध्ये. वय वीस. ‘तळं’ नावाची त्याची कविता इथल्या आर्मेनियन शाळांत अजून पाठ करून घेतात. त्यात तो तळ्याला सांगतो की लोकांनी मला झिडकारलं. एक म्हणाला, याच्याकडे वीणेशिवाय आहे काय. दुसरा म्हणाला, कापतोय बघा, अंगावर रंग नाही. आणखी कुणी म्हणालं, मरणार हा. त्याच्या मनात काय चाललंय ते मात्र कुणी विचारलं नाही. बघा, सगळे त्याच्याकडे टक लावून बघतायत. पांढराफटक चेहरा, खोकला, सगळं त्यांना दिसतंय. तो दिसत नाही. माझ्या वर्गात ही कविता मी दर वर्षी पहिल्या आठवड्यात घेते आणि दर वर्षी कुणीतरी मागच्या बाकावरून म्हणतं, हे तर आमच्याच वर्गातलं आहे.

त्यात १९१५ नाही, हेही ध्यानात घ्या. संहाराच्या चाळीसेक वर्षं आधीची कविता आहे ती. म्हणजे ‘ओळख’ ही या भाषेतल्या तरुण कवीची जुनी व्यथा आहे. १९१५ नं ती ताब्यात घेतली, तिला साक्षीच्या पिंजऱ्यात उभं केलं.

हे कसं झालं, ते दोन कवींवरून सांगते. दोघांनाही १९१५ मध्ये मारलं. २४ एप्रिल १९१५ ला कॉन्स्टँटिनोपलमध्ये, म्हणजे आजच्या इस्तंबूलमध्ये, आर्मेनियन लेखक, संपादक, वकील, डॉक्टर यांची धरपकड सुरू झाली. त्यात सियामान्तो होता आणि दानिएल वारुझान होता.

सियामान्तोची ‘नृत्य’ ही कविता १९०९ ची, आजच्या तुर्कस्तानातल्या अदाना इथल्या आर्मेनियनांच्या कत्तलीनंतरची. तिथे मदतीला गेलेल्या एका डॉक्टर मित्राची पत्रं वाचून त्यानं अख्खा संग्रह लिहिला. ‘नृत्य’मध्ये बोलणारी आर्मेनियन नाही, एक जर्मन बाई आहे. तिनं खिडकीतून काय पाहिलं ते ती सांगते: वीस नववधूंना नाचायला लावलं आणि पेटवून दिलं. शेवटी ती म्हणते, आता हे माझे डोळे मी कसे उपटून काढू? मला या कवितेपुढे नेहमी गप्प व्हायला होतं. पण शिकवताना एक गोष्ट मी दाखवते. कवीला परकी साक्षीदार का लागली? कारण आपल्या माणसानं सांगितलेलं कुणी खरं मानणार नाही, ही भीती १९०९ मध्येच होती. जर्मन बाईनं पाहिलं म्हणजे ते घडलं. आर्मेनियन कवितेत पुढची शंभर वर्षं साक्ष, पुरावा, ‘आम्ही खोटं बोलत नाही’ हा सूर का येत राहतो, त्याचं मूळ इथे दिसतं. तुर्कस्तानचं सरकार आजही ‘वंशसंहार’ हा शब्द नाकारतं. नकार चालू असेल तोवर साक्षही चालू राहते. पणजीची हकिगत पणती कोर्टात उभी असल्यासारखी सांगते.

वारुझानचं उलटं. पकडला गेला तेव्हा त्याच्याकडे ‘भाकरीचं गाणं’ या संग्रहाचं हस्तलिखित होतं. ते जप्त झालं, पुढे लाच देऊन सोडवलं गेलं आणि १९२१ मध्ये छापलं गेलं. त्याला २६ ऑगस्ट १९१५ ला चान्करीजवळ मारलं, तेव्हा तो ३१ वर्षांचा होता. आणि त्या शेवटच्या संग्रहात आहे काय? नांगरणी, पेरणी, कापणी, खळं, गाडीवर लादलेल्या पेंढ्या, चक्की. शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कामांची कविता. तीत कुणी काही सिद्ध करत नाही. गहू उगवतो आणि भाकरी होते. तुम्ही कोल्हापूरचे, तुम्हाला मळणीचं खळं समजावून सांगायला नको. मी मुलांना सांगते की हाही तुमचा वारसा आहे. तुमच्या सर्वांत मोठ्या हुतात्मा कवीनं जाताना मागे ठेवली ती पेरणीची कविता.

तुम्ही निवड कशी करू विचारलंत. माझी कसोटी हीच आहे. कविता साक्ष देत असेल तर बाजूला ठेवा, भले ती कितीही खरी असो. ज्या क्षणी कवी पुरावा द्यायचं थांबवते आणि आपल्यासमोरची वस्तू नीट पाहायला लागते, तिथून पुढच्या ओळी वाचा. कधी कधी तीस ओळींच्या कवितेत अशा चारच ओळी असतात. त्या चार ओळींसाठी मी कविता ठेवून घेते.

डाळिंबाचंच बघा. ख्रिश्चन आर्मेनियन चर्चच्या कोरीवकामात, जुन्या हस्तलिखितांच्या कडांवर, आणि इथल्या बेकरीच्या पिशवीवरही डाळिंब असतं. ते कवितेत आलं की मुलाला वाटतं आपण आर्मेनियन कविता लिहिली. मी विचारते, तुमच्या घरी डाळिंब सोलतं कोण? मग कळतं की बाबा सोलतात, सिंकवर वाकून, पाण्याच्या भांड्यात दाणे सोडवत, बारा तास ट्रक चालवून आल्यावर. आता लिही. आजीचंही तसंच. आजी रडते, आजी स्वयंपाक करते, आजीला सगळं आठवतं. अशा आज्या मी शेकड्यांनी वाचल्या. एका मुलीनं लिहिलं की आजी टीव्हीवरच्या निवेदिकेला उलट उत्तरं देते आणि जाहिरात लागली की तिची माफी मागते. ती आजी मला अजून आठवते.

अरारातबद्दल मात्र थोडी सबुरी ठेवा. तो कवितेत पुन्हा पुन्हा येतो याला कारण आहे. येरेवानमधून हवा स्वच्छ असली की ५,१३७ मीटर उंचीचा हा डोंगर इतका जवळ दिसतो की हात लावावा. पण तो सीमेपलीकडे, तुर्कस्तानात आहे, आणि ती सीमा १९९३ पासून बंद आहे. रोज दिसतो आणि जाता येत नाही. ‘दिसणं’ हाच ज्यांच्या कवितेचा विषय, त्यांच्या खिडकीतच असा डोंगर असेल तर ते त्याच्याकडे वळणारच. इथल्या मुलांना तो फक्त कॅलेंडरवर आणि हॉटेलांच्या पाट्यांवर भेटलेला असतो. म्हणून येरेवानच्या कवीचा अरारात आणि ग्लेन्डेलच्या कवीचा अरारात हे दोन वेगळे डोंगर आहेत. निवडताना हा फरक कवीला कळला आहे का, ते पाहा.

आता नावांच्या कविता. या तुम्हाला खूप भेटतील आणि माझ्या मते तरुण कवींचा सर्वांत सकस विषय हाच आहे. हजेरी घेताना शिक्षक अडखळतो, नाव चुकवतो, मग नावाचे दोन तुकडे करून त्यातला सोपा तेवढा वापरतो. इथवर कुठल्याही स्थलांतरिताच्या मुलाची कविता. माझ्या स्वतःच्या मुलानं ‘कुलकर्णी’वर लिहिली असती. पण आर्मेनियन आडनावात आणखी एक खोली आहे. ‘यान’ म्हणजे अमक्याचा वंशज. आपलं ‘कर’ गाव सांगतं, त्यांचं ‘यान’ पूर्वज सांगतं. हागोपियान म्हणजे हागोपचा. आणि पूर्वजाचा धंदा असेल तर तो शब्द बहुतेक वेळा तुर्की, फारसी किंवा अरबी: कझान म्हणजे हंडा, म्हणून हंडे घडवणारे कझान्जियान. रंगारी बोयाजियान. तुर्की ‘एक्मेक’ म्हणजे पाव, म्हणून पाववाले एक्मेकजियान. तेर्झियान म्हणजे शिंप्याचे, तो ‘तेर्झी’ आपल्या ‘दर्जी’चा सख्खा भाऊ. म्हणजे ज्या साम्राज्यानं या घराला हाकललं, त्याच साम्राज्याच्या बाजारातला शब्द घराच्या दारावरच्या पाटीवर आहे, आणि त्याला आर्मेनियन शेपूट आहे. हे समजलेल्या मुलाची नावावरची कविता हजेरीपाशी थांबत नाही. ती त्या शिंप्याच्या दुकानात जाते. आमच्या कार्यशाळेत एका मुलानं आडनाव न सांगता फक्त तांब्याला कल्हई लावायची कृती लिहिली होती. शेवटची ओळ होती त्याच्या सहीची. मी त्याला काही सुचवलं नाही, फक्त वही परत दिली.

अमेरिकेतल्या कवींची आणखी एक अडचण आहे, ती भारतीय वाचकाला लगेच समजेल. इथल्या फॉर्मवर वंशाच्या चौकटी असतात आणि आर्मेनियन मुलं ‘गोरे’ या चौकटीत टिक करतात. याला इतिहास आहे. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद खटल्यात इथल्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की भारतीय माणूस गोरा नाही, म्हणून त्याला नागरिकत्व नाही. त्या निकालाचा आधार घेऊन सरकारनं पोर्टलंडच्या तातोस कार्तोझियान या गालिचे विकणाऱ्या आर्मेनियन माणसाच्या नागरिकत्वाला आव्हान दिलं. १९२५ मध्ये तो जिंकला. मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी त्याच्या बाजूनं साक्ष दिली होती. तर कायद्यानं गोरे. पण त्याच काळात कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात घरांच्या करारपत्रांत आर्मेनियनांना विकू नये अशी कलमं होती. कागदावर गोरे, गल्लीत परके. त्यांच्या नातवंडांची पंचाईत अशी की आपलं वेगळेपण सांगायला त्यांच्याकडे चौकटच नाही. ‘आम्ही दिसत नाही’ ही तक्रार जेव्हा या कवींकडून येते, तेव्हा ती अशी नेमकी, सरकारी छापाची असते. दहावी-अकरावीतली मुलं फॉर्मच्या आकारात कविता लिहितात. हा प्रकार आता थोडा घासून गुळगुळीत झाला आहे, पण एखादी चांगली मिळाली तर जरूर घ्या आणि टिपणात थिंदचा उल्लेख करा.

तुमच्या साठ कवितांत इंग्रजीचा भरणा आहे. तो असणारच, कारण मिळतात त्या सहज. इंटरनॅशनल आर्मेनियन लिटररी अलायन्स ही संस्था १४ ते १८ वयाच्या आर्मेनियन मुलांसाठी कवितेचा पुरस्कार देते, त्यातल्या कविता वाचण्यासारख्या असतात. ग्लेन्डेलनं २०२३ मध्ये आपला पहिला नगरकवी नेमला तोही आर्मेनियन आहे, राफी जो वार्तानियान. पण विभाग फक्त यांच्यावर उभा करू नका. उरलेल्या जगात ‘दिसणं’ याचा अर्थ बदलतो.

तुर्कस्तानात तो धोका आहे. तिथे हजारो घरांत, संहारातून वाचून मुस्लिम म्हणून वाढलेली, एक आजी अशी होती की ती आर्मेनियन आहे हे नातवंडांना तिच्या म्हातारपणी कळलं, किंवा मेल्यावर कळलं. फेथिये चेतीन या वकीलबाईंनी २००४ मध्ये आपल्या आजीवर लिहिलेल्या पुस्तकानंतर हे मोकळेपणानं बोललं जाऊ लागलं. सेहेर म्हणून जगलेली आजी मुळात हेरानुश होती. ‘आगोस’ या तुर्की-आर्मेनियन साप्ताहिकाचे आर्मेनियन संपादक ह्रान्त दिंक यांना १९ जानेवारी २००७ ला इस्तंबूलमध्ये कार्यालयाबाहेर गोळ्या घातल्या. त्यांच्या अंत्ययात्रेत तुर्की लोक ‘आम्ही सगळे आर्मेनियन’ असे फलक घेऊन चालले. त्या शहरातला कवी ‘मला बघा’ लिहितो तेव्हा त्याचा हात क्षणभर थांबत असणार. म्हणूनच मला इस्तंबूलच्या झाहरादचं महत्त्व फार वाटतं. तो तरुण नव्हे, २००७ मध्ये ८२ व्या वर्षी गेला. पण पश्चिम आर्मेनियनमध्ये लिहू पाहणाऱ्या प्रत्येक तरुणाचा तो गुरू आहे. छोट्या, बोलक्या कविता, आणि त्यांत गिगो नावाचा एक साधा, गरीब, भाबडा माणूस. गिगोच्या छातीवर कुठलाही झेंडा नाही. तो फक्त आर्मेनियनमध्ये दिसतो, तेवढीच त्याची ओळख. माझ्या विद्यार्थ्यांना मी झाहराद देते तेव्हा त्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरल्याचं मला प्रत्यक्ष दिसतं.

ही पश्चिम आर्मेनियन म्हणजे इस्तंबूल, बैरुत, पॅरिस, अलेप्पो, लॉस एंजेलिस इथल्या जुन्या घरांची भाषा. युनेस्कोनं तिला धोक्यात आलेल्या भाषांच्या यादीत घातलं आहे. येरेवानची ती पूर्व आर्मेनियन. लिपी एकच, पाचव्या शतकाच्या सुरुवातीला मेस्रोप माश्तोत्स यांनी घडवलेली, पण उच्चार आणि व्याकरण वेगळं. येरेवानच्या सिल्वा कापुतिक्यान यांची मुलाला उद्देशून एक प्रसिद्ध कविता आहे: आईला विसरलास तरी चालेल, आईची भाषा विसरू नकोस. इथल्या शनिवारच्या आर्मेनियन शाळेत ती भिंतीवर लावलेली असते. आणि इथली मुलं तिला उत्तरं लिहितात, इंग्रजीत. भाषा विसरलो, आई, आणि तुला विसरलो नाही, आता काय करू? ही उत्तरं वाचताना मी तटस्थ राहू शकत नाही. माझ्या दोन मुलांपैकी धाकट्याला मराठी समजतं, बोलता येत नाही. रविवारी आजीशी फोनवर तो मान डोलावतो, जणू तिला ते दिसतंय.

येरेवानमध्ये पुन्हा वेगळं. तिथे आर्मेनियन असणं हे सिद्ध करायचं नसतं, सगळेच आर्मेनियन. तिथला झगडा असतो तो ‘राष्ट्राचा कवी’ होण्यापासून सुटका करून घेण्याचा, विशेषतः बायकांचा. शुशानिक कुर्घिनियान यांनी १९०७ मध्येच कामगार बायकांच्या आवाजात लिहिलं होतं, पण नंतर त्यांची स्त्रीवादी बाजू झाकून ठेवली गेली. वियोलेत ग्रिगोर्यान आणि मारिने पेत्रोस्यान यांच्या पिढीनं सोविएत काळानंतर शरीर, शहर, भूक, राग असं सगळं कवितेत आणलं. ग्रिगोर्यान ज्या नियतकालिकाच्या संस्थापकांपैकी आहेत त्याचं नाव ‘इन्क्नागिर’, म्हणजे स्वतःच्या हातचं लिखाण. ‘इन्क्न’ पुन्हा आला, पाहिलंत? त्यांच्यापुढच्या पिढीतली तातेव चाखियान, जन्म १९९२, येरेवानची, आता पोलंडमध्ये. २०१६ च्या तिच्या संग्रहाच्या नावातच ओळखपत्र आणि ‘एकसारखं नसणं’ यांची मोडतोड करून जोडणी केली आहे. सीमा, व्हिसा, परक्या शहरातलं बाईपण. तुमच्या विभागात ती असायलाच हवी.

आणि युद्ध. २७ सप्टेंबर २०२० ला काराबाखमध्ये, म्हणजे अझरबैजानच्या हद्दीतल्या आर्मेनियन वस्तीच्या मुलखात, अझरबैजानशी सुरू झालेलं युद्ध ४४ दिवस चाललं. त्यात अठरा-वीस वर्षांची मुलं लढत होती, आणि त्यांच्यावर पडणारे बॉम्ब ड्रोनच्या कॅमेऱ्यातून चित्रित होऊन इंटरनेटवर टाकले जात होते. वरून, काळ्या-पांढऱ्या चित्रात, एक माणूस पळतो आणि मग नसतो. या वयाच्या कवींनी आपल्या वर्गमित्रांना असं ‘दिसताना’ पाहिलं आहे. त्यानंतर ‘मला बघा’ हे शब्द पूर्वीसारखे राहिले नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये काही दिवसांत एक लाखाहून अधिक माणसं काराबाख सोडून रस्त्यानं आर्मेनियात आली, घरं बंद करून, काहींनी थडग्यांवर शेवटचं पाणी घालून. त्या आठवड्यात माझ्या कार्यशाळेत कुणी लिहिलं नाही. मी लिहा म्हटलंही नाही. जवळपास वर्षानंतर कविता यायला लागल्या आणि त्यांत आश्चर्यकारक प्रमाणात किल्ल्या होत्या, कुलपं होती, बंद न केलेला गॅस होता. तुम्हाला काराबाखच्या कविता मिळाल्या तर घोषणांच्या सोडा आणि या घरगुती कविता घ्या.

भाषांतराबद्दल दोन गोष्टी.

‘त्सावत तानेम’ हा शब्दप्रयोग तुम्हाला जागोजाग भेटेल. इंग्रजी अनुवादक त्याचा शब्दशः ‘तुझं दुखणं मी घेऊन जाईन’ असा अर्थ देतात आणि तो फार गंभीर, कवितेतला वाटतो. आर्मेनियन घरात तो दिवसातून वीस वेळा म्हणतात, भाजीवालाही म्हणतो. आपल्याकडे याला बरोबर जोडीदार आहे. आजी नातवाच्या चेहऱ्यावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडते, अलाबला घेते, ‘तुझी इडापिडा मला लागो’ म्हणते. तेच लिहा. आणि उच्चार द्यायचा झाला तर त्यातला ‘त्स’ म्हणजे आपल्या ‘चाका’तला च. हिंदीत तो नाही, मराठीत आहे. जुन्या लोकगीतातला परमुलखातला माणूस क्रौंच पक्ष्याला विचारतो की आमच्या मुलखाची काही खबर आणलीस का, तेव्हा मूळ शब्द ‘खाब्रिक’ आहे, छोटीशी खबर. हा शब्द तुमच्या वाचकाला भाषांतराशिवाय पोचेल. असे पाच-सहा शब्द तसेच ठेवा आणि तळटीप देऊ नका.

दुसरी गोष्ट शब्दांच्या आड लपवण्याची. सोविएत आर्मेनियातला कवी येघिशे चारेन्त्स यानं १९३३ मध्ये छापलेल्या ‘संदेश’ या कवितेत प्रत्येक ओळीचं दुसरं अक्षर वरून खाली वाचलं की वाक्य तयार होतं: आर्मेनियन जनहो, तुमची एकमेव मुक्ती तुमच्या एकत्रित शक्तीत आहे. वरून कविता सोविएत साच्याची. चार वर्षांनी तो येरेवानच्या तुरुंगात मेला. त्याची हस्तलिखितं रेगिना गाझार्यान या त्याच्या तरुण चित्रकार मैत्रिणीनं बागेत पुरून वाचवली. इथली तरुण मुलं या युक्तीवर फिदा आहेत, ओळींच्या आद्याक्षरांत गावांची, माणसांची नावं दडवतात. भाषांतर सुरू करण्याआधी प्रत्येक कविता मूळ लिपीत उभी वाचून घ्या, किंवा कुणाकडून वाचून घ्या. मी एकदा एक अख्खं गाव गमावलं होतं. छापून झाल्यावर कवयित्रीनं मला हळूच दाखवलं.

परवानगीसाठी लिहाल तेव्हा प्रत्येक कवीला एक प्रश्न नक्की विचारा: तुमचं नाव देवनागरीत कसं लिहू? हागोप की हाकोब, बेद्रोस की पेत्रोस, ‘इयान’ की ‘यान’. बैरुतचं घर आणि येरेवानचं घर याच एका अक्षरात वेगळं होतं, आणि इंग्रजी स्पेलिंगवरून तुम्हाला ते दर वेळी कळेलच असं नाही. ब, प आणि फ हे तिन्ही वेगळे लिहायची सोय आपल्याकडे आहे, पूर्व आर्मेनियनला तीच लागते. पर्याय कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फोटो पाठवा आणि वाचून दाखवणारा आवाजही सोबत पाठवा. कवी ते ऐकून सांगतील.